उडणारा माणूस आणि लेडीजचं दार

आई, आपल्या टॉकीजला या शुक्रवारी उडणाऱ्या माणसाचा पिक्चर लागला. 'आपली टॉकीज' म्हणायची सवय तुझीच. ती तेव्हाही शेठची होती आणि आज शेठच्या मुलाची आहे. तू फक्त लेडीजच्या दारावर स्टूल टाकून बसायचीस, तिकिटं फाडायचीस आणि घरी येऊन चुलीसमोर पाय पसरून म्हणायचीस, "आज आपल्याकडं पाय ठेवाले जागा नव्हती." तू ज्याला जेमतेम पाळण्यात पाहिलंस तो तुझा नातू आता ती टॉकीज चालवायला घेऊन बसला आहे. पण घाटंजीची पोरं आता गाडीला किक मारतात आणि यवतमाळच्या गारेगार पडद्यावर जातात. शेठच्या मुलानं सांगून टाकलं आहे की हा पिक्चर चालला तर चालला, नाहीतर दिवाळीनंतर खुर्च्या उपटून मंगल कार्यालय करतो. पोरानं पुण्याची नोकरी सोडून हा उद्योग धरला, सूनबाईनं त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि आता आमचं सगळं घर त्या उडणाऱ्या माणसाच्या झग्याला लोंबकळतं आहे. मला मात्र, खरं सांगतो, पहिल्या दिवसापासून यातल्या कशाचाच भरवसा वाटत नाही.

पिक्चर आपल्या गावात यायच्या आधीच तो चालला आहे, अशी बातमी पोराच्या मोबाईलमध्ये येऊन बसली होती. "बाबा, हे पाहा, तिकडं पहाटेचे शो फुल्ल." एक माणूस कुठल्याशा थेटराबाहेर उभा राहून सांगत होता, पैसा वसूल, अंगावर काटा. दुसरा आला, तोही म्हणाला, पैसा वसूल, अंगावर काटा. तिसऱ्याच्या अंगावरही तोच काटा आल्यावर मी चष्मा काढून ठेवला. जन्मभर मास्तरकी केली. तीन मुलांच्या वहीत एकच चूक सापडली की वही कुणाची आणि नक्कल कुणाची, हे पाहावंच लागतं. मी म्हटलं, "हे पढवलेले पोपट आहेत." पोरगा हसला, पण त्याचं हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. म्हणाला, "बाबा, तुमाले तं सूर्य उगवला तरी वाटते, याले मागून कोणी ढकलून राह्यलं."

शुक्रवारी पहिल्या खेळाला मी गेलो. दारात पोट्ट्यांची ही गर्दी, सगळ्यांच्या अंगात एकसारखे काळे टीशर्ट, छातीवर त्या वीराची निशाणी, हातात कागदाचे कपटे. मला इथंही नकलेचा वास आला. एकाला बाजूला घेतलं आणि विचारलं, "काय रे, हे कपडे कोणं वाटले तुमाले?"

"वाटले कायले, आबाजी? आमी वर्गणी केली."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"आबाजी, तुमी मास्तर होते का पोलीस?" सगळे खिदळले, आणि त्यांच्यातल्याच एकानं माझ्या टोपीवर कपटे उधळले. आत मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? तो माणूस विजेतून येतो, डोंगर उचलतो, आकाशात घुसतो, आणि दर वेळी ही पोरं खुर्चीवर उभी राहून शिट्ट्या मारतात. मला शाळेतल्या कविता आठवत राहिल्या. आमच्या क्रमिक पुस्तकातले वीर शेवटच्या कडव्यात पडायचे, मास्तर पुस्तक मिटायचे, आणि वर्ग इतका शांत व्हायचा की बाहेरच्या कडुलिंबाची पानं ऐकू यायची. वीर म्हटला की त्याला मरता आलं पाहिजे, असं माझं आपलं भाबडं मत. आवाजानं माझ्या कानठळ्या बसल्या आणि मध्यंतरालाच मी उठून घरी आलो. म्हटलं, शिट्ट्यांवर काय जायचं. शुक्रवारची शिट्टी ही पाहुणी असते, हे तुझंच.

तुला आठवतं का, मी पाचवीत असताना एका पिक्चरचा शेवट आख्ख्या वर्गाला सांगून आलो होतो? हीरोचा भाऊच चोर निघतो, असं काहीतरी होतं. तुला ते कळलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. परातीतला हात तसाच ठेवून तू माझ्याकडे पाहिलंस. तू मारलं नाहीस. "दुसऱ्याच्या ताटातली पुरणपोळी चाटून ठेवली तू," म्हणालीस. एवढंच. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पुढे मी थोडा मोठा झाल्यावर, तुझ्या स्टुलाशेजारी कवितेचं पुस्तक घेऊन बसायला लागल्यावर, तू मला तुझी खरी गोष्ट सांगितलीस. पिक्चर सुटल्यावर बाया बाहेर येतात, आणि पुढच्या खेळाच्या बाया पायऱ्यांवर उभ्या असतात. त्यांच्यात ओळखीपाळखी, नात्यागोत्याच्या असतातच. बाहेर येणारीनं शेवट सांगून टाकला तर समज, पिक्चर पडला. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "जाय तू, पाह्य, मी नाई सांगत," तर तो चालला. "बाई चांगली वस्तू अशी झाकूनच देते रे," तू म्हणायचीस. थोरले शेठ शुक्रवारी रात्री तिकीटबारीचा गल्ला पाहायच्या आधी तुझ्याकडे यायचे. तू 'पडला' म्हणालीस की दुसऱ्या पिक्चरच्या रिळांच्या पेटीसाठी माणूस धाडायचे.

तू चुकलीसही एकदा. देवाचा पिक्चर होता. एकही बाई शेवट सांगेना, आणि तू छातीठोक सांगितलंस, चालला. तो आठवडाभरही टिकला नाही. मग तुझ्या ध्यानात आलं की देवाच्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना आधीच माहीत, सांगणार कोण कुणाला? किती हसली होतीस तू. हसता हसता ठसका लागला आणि मी पाणी आणून दिलं. तुझं ते हसणं मला अजून ऐकू येतं, तांब्याच्या कडेवर दात वाजतात तो आवाजसुद्धा.

बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाला शेठचा मुलगा स्वतः येऊन बसला. आणि नेमकी त्याच दिवशी टॉकीज भरली. आता तूच सांग, मला संशय का येऊ नये? बाल्कनीत सूनबाईचं माहेर, खाली पिठाच्या गिरणीवाला सहकुटुंब, आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया टेम्पोतून उतरलेल्या. टेम्पो पोराच्या मित्राचा. मी तो ओळखला. पोरानं शेठच्या डोळ्यात धूळ फेकायला माणसं भरली, असं मला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच झाली. मी त्याला तिकीटबारीशी गाठलं. "हे सगळे स्वतःहून आले काय?" तो म्हणाला, "तुमी घरी जाऊन पडा बाबा, मले काम हाय." मी घरी गेलो नाही. मागच्या बाजूला, लेडीजच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

ते दार आता लेडीजचं राहिलेलं नाही. वेगळी बसायची सोय जाऊन किती वर्षं झाली, आत सगळे मिळून बसतात. पण गंमत पाहा, सुटताना बाया अजून त्याच दारानं बाहेर पडतात. कुणी सांगत नाही, पाटीही नाही. त्यांच्या आया तिथून बाहेर पडायच्या म्हणून त्या पडतात. पिक्चर सुटला. बाया आल्या, लेकरं कडेवर, पायऱ्यांवर पुढच्या खेळाच्या उभ्या होत्याच. मी कान टवकारले. "कसा हाय वं?" एकीनं विचारलं. "पाह्य तूच." "शेवटी काय होते?" "मी नाई सांगत." दुसरीही तशीच. तिसरी तर नुसती डोकं हलवून हसली. आई, एकही बाई शेवट सांगेना! चालला म्हटलं, चालला, माझ्या आईची परीक्षा पास झाला.

तरी माझा स्वभाव. तांड्यावरची एक पोक्त बाई पायरीवर चप्पल शोधत होती, तिला विचारलं, "बाई, शेवट काय झाला?"

"झालाच कुठं जी? तो खाली पडला, डोळे मिटले, अन् पडद्यावर लिवून आलं, बाकीचं पुढच्या भागात. सांगाव तं काय सांगाव?"

मध्यंतराला उठून गेलेला शहाणा माणूस! शेवट झाकलेला नव्हता, शेवटच नव्हता. मग मनातली दुसरी सुई टोचली म्हणून मी विचारलं, "तिकीट कोणं काढलं तुमचं?"

तिनं चप्पल सापडूनही पायात घातली नाही. "कोणं म्हणजे? कापूस वेचणीचे पैसे नाहीत काय आमच्या कमरेले? बाजारातून टेम्पोत बसवून आणलं तुमच्या पोरानं, तेवढं खरं. पण तिकीट आमचं. फुकट्या वाटलो काय, गुरुजी?" मागून पोरीनं आपल्या आईला हाक मारली, "याडी, चाल वं," तशी ती आईपणाच्या तोऱ्यात उतरून गेली. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पोरगा चोर नव्हता, पण अगदी साव होता असंही म्हणता येईना. आणि पिक्चर आवडला की नाही, हे त्या बाईला विचारायचं राहूनच गेलं.

तेवढ्यात शेठचा मुलगा हात मागे बांधून आला. चांगला माणूस आहे, वाईट नाही. म्हणाला, "मास्तर, माझे वडील तुमच्या आईले विचारूनच पेटी बदलवत. आज तुमी दारावर उभे होते. बोला, काय म्हणता? चालला का पडला?" त्याच्या खांद्यामागे माझा पोरगा उभा होता. भिंतीवरच्या त्या उडणाऱ्या माणसाच्या पोस्टरचं सुटलेलं टोक तो अंगठ्यानं दाबून धरत होता, आणि अंगठा काढला की ते परत सुटत होतं.

मी म्हटलं, "चालला."

शेठच्या मुलानं मान डोलावली, आणि पुढचा पिक्चरही आपणच लावू म्हणाला. पोरगा माझ्याजवळ आला आणि त्यानं माझ्यासाठी कट चहा मागवला. आज दोन दिवस झाले. गर्दी बरी आहे, फार बरी नाही.

तुला अक्षर येत नव्हतं, आई. माझ्या कविता तू माझ्याच तोंडून ऐकल्यास, आणि जिथे माझा आवाज हलायचा तिथे बोट ठेवायचीस. हेही मला वाचूनच दाखवावं लागलं असतं. म्हणून ते लिहून असंच मिटून ठेवतो आहे. कारण त्या एका शब्दापाशी तू मला थांबवलं असतंस, "थांब रे, कोणत्या बाईनं सांगतलं तुले चालला म्हणून?" कोणीच नाही, आई. मी पोराच्या तोंडाकडे पाहिलं.