सासूबाईंच्या कारखान्याचा अभ्यास

४ जानेवारी

प्रकल्पाचा विषय ठरला! म्हणजे सरांनी गळ्यात मारला. "एखादी चालती संस्था घ्या आणि तिथे निर्णय कोण घेतं ते शोधा," म्हणाले. वर्गातल्या पोरांनी बँका घेतल्या, विमा कंपन्या घेतल्या. मी आपली बोलून गेले – "आमचा शिवणाचा कारखाना आहे, दवाखान्यांचे गणवेश शिवतो. सासूबाई चालवतात." वाटलं, हसतील. हसले नाहीत. "उत्तम! मग सासूबाईंचाच अभ्यास करा."

विकतचं दुखणं, दुसरं काय!

५ जानेवारी

परवानगी मागितली. सासूबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "बस त्या कोपऱ्यात. पण हात रिकामे ठेवायचे नाहीत." तेव्हा मी बटणं लावत लावत व्यवस्थापनशास्त्र शिकते आहे.

१२ जानेवारी

दोऱ्याचा रंग – सासूबाईंना विचारा. खिडकी उघडू का – सासूबाईंना विचारा. कुणाला लवकर घरी जायचंय – सासूबाईंना विचारा! कापड कापणाऱ्या बाई (सगळे त्यांना कात्रीबाईच म्हणतात) टेबलावर कापड अंथरून नुसत्या उभ्या. का, तर सासूबाई फोनवर होत्या. म्हटलं, "तुम्हीच का ठरवत नाही?" तर म्हणतात, "न विचारता कात्री लावली तर कापडाआधी माझा गळा कापला जाईल!" दोघी खूप हसलो. मग मला हसू येईना. आता हे लिहायचं कसं?

कारण मला या वर्गात पाठवलं कुणी? सासूबाईंनीच. लग्नानंतर मी मशीनवर बसायला लागले तर उठवलं मला. "शिवणारे हात घरात पुष्कळ आहेत. तू शीक." माझ्या आईलाही असं सुचलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

सासूबाईंना ताप. अंथरुणातून उठवत नाही. कारखाना ठप्प.

५ फेब्रुवारी

आज हे त्यांच्या उशाशी दवाखान्याच्या गणवेशाच्या कापडाचे दोन तुकडे घेऊन उभे – "आई, निळा की आकाशी?" त्या तापात बरळल्यासारखं काहीतरी पुटपुटल्या. आम्हाला कळलं नाही. पुन्हा विचारायचा धीर कुणाला झाला नाही. सगळ्या बाया मशीनपुढे हात बांधून बसल्या. संध्याकाळी दवाखान्याचा निरोप – काम दुसरीकडे दिलं. जुनं गिऱ्हाईक गेलं.

आम्ही एवढे सगळे धडधाकट, आणि एक रंग ठरवता येईना!

१४ फेब्रुवारी

सासूबाई हिंडू-फिरू लागल्या. देवाची कृपा. गिऱ्हाईक गेल्याबद्दल कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानेच जास्त टोचलं.

आज लिहिलं – 'संस्थेच्या प्रमुख याच कामातला मुख्य अडथळा आहेत.' खोडलं. परत लिहिलं. हे म्हणाले, "जरा गुळमुळीत लिही ना. जेवायला एकाच घरात बसायचंय." सरांना दाखवलं. म्हणाले, "बाईंवर फक्त ठपका ठेवलात. त्या अशा का झाल्या?"

१६ फेब्रुवारी

विचारलं सरळ. सासूबाईंनी हातातल्या गणवेशाची काजं तपासून तो बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "सासरे गेले तुझे, तेव्हा हे पदरात पडलं. विचारायला कुणी नव्हतंच गं. मग एकटीनेच ठरवायची सवय लागली."

आता वाक्य असं झालं – 'ज्या सवयीने ही संस्था उभी राहिली, त्याच सवयीने ती अडली आहे.' अडथळ्याचं वाक्यही ठेवलं, त्याच्याखाली. लिहिताना डोळे भरून आले. परीक्षेच्या कामासाठी कुणी रडतं का!

२० फेब्रुवारी

सरांनी थांबवलं. "पुढे संशोधनाला या. दुसऱ्या शहरात जावं लागेल, पण जागा आहे." एवढा विश्वास टाकला माणसाने! पण नाही म्हटलं. कारखाना कोण बघणार? घरी कुणाला सांगितलंही नाही.

२ मार्च

सादरीकरण. आणि सासूबाई हजर! पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. पण वाचलं – एकही शब्द न गाळता. 'अडथळा'सुद्धा.

त्यांनी हात वर केला. "दुखणं सगळेच सांगतात. औषध काय?"

पोरं खदखदली. मी म्हटलं, "जो काम करतो, त्याला ठरवू द्यायचं. चुकला तर चुकू द्यायचं. आणि तुमच्यानंतर कोण, ते तुम्ही असतानाच ठरवायचं." त्या म्हणाल्या, "बरं."

नंतर सरांशी काहीतरी बोलत उभ्या होत्या. घराच्या दारात म्हणाल्या, "ततपप केलं नाहीस. बरं वाटलं."

यांना वाटतं, खुर्ची आता माझीच. मलाही वाटतंय. गुदगुल्या होताहेत, खोटं कशाला बोला!

९ मार्च

सकाळी सगळ्यांसमोर सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि तिथे बसवलं – कात्रीबाईंना! माझा चेहरा पडला. लपवता आला नाही.

मला बाजूला घेतलं. "सरांनी सांगितलं मला. नाही म्हणालीस म्हणे, कारखान्यासाठी?" मी मान डोलावली. "मी अडथळा, हे चारचौघांत ऐकून घेतलं. पटलं म्हणून. पण तुझ्या वाटेतला अडथळा व्हायचं नाही मला. जा."

मी त्यांच्या गळ्यातच पडले.

"पुरे," म्हणाल्या. "बॅग भर."