दादाच्या बरणीतल्या अळंब्या

ता. ४ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

सोबत बरणी पाठवतो आहे. झाकण घट्ट बसलं आहे, तुझ्या यजमानांकडून उघडवून घे. तेवढाच त्यांच्या हाताला व्यायाम.

यंदा अळंब्यांचा हंगाम जोरात आहे. रोज सकाळी टोपली घेऊन टेकडीमागच्या झाडीत जातो. जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, आता पालापाचोळ्यात नाक घालून मीच वाचत बसतो. तुझी वहिनी म्हणते, दुकान होतं तेव्हा निदान माणूस चिखलाचे बूट घालून स्वयंपाकघरात येत नव्हता.

तुला पुन्हा बजावतो, कारण तुला ऐकायची सवय नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, गोगलगायीने कुरतडली तर चांगली, हे सगळं थोतांड आहे. गोगलगायीचं पोट निराळं, आपलं निराळं. टोपीखालचे पापुद्रे बघायचे, दांड्यावर कडं आहे का ते बघायचं, टोपी कागदावर रात्रभर उपडी झाकून ठेवायची आणि सकाळी पडलेल्या भुकटीचा रंग बघायचा. आणि चाकूने कापायची तर मुळीच नाही. माती उकरून आख्खी उचलायची, कारण खरी ओळख बुडाशी असते. पांढरे पापुद्रे, कडं आणि बुडाशी पिशवी दिसली की मुकाट्याने हात धुवायचे. वाळवून, उकळून, तळून ते विष जात नाही. तिळभर शंका आली तरी टाकून द्यायची, हळहळायचं नाही.

तुझं पहिल्या वर्षीचं पत्र अजून दिवाणखान्यात चौकटीत लावलेलं आहे. 'दादा, बरणी सोमवारी आली आणि त्याच रात्री एका बैठकीत संपली. जंगलाचा वास अजून जिभेवर आहे.' येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते वाचून दाखवतो. काही जण दुसऱ्यांदा येत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आता मुख्य बातमी. आपल्या लेकीचं लग्न ठरलं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही घरची माणसं आमच्याकडे जेवायला आहेत. मुलाचे वडील निवृत्त न्यायाधीश आहेत, आई दातांची डॉक्टर. अळंब्या मी स्वतः रांधणार. तू आणि नाना, दोघं भावंडं त्यांच्या दोन बाजूंना बसा आणि इतकी वर्षं तुम्ही माझ्या अळंब्या कशा मिटक्या मारत खाता ते सांगा. तुमच्या शब्दाला वजन पडेल.

लोभ आहेच, तो जेवायच्या वेळेआधी हजर व्हावा.

तुझा,
दादा

*

ता. ९ सप्टेंबर

ती. नानास,
सा. न. वि. वि.

दादाचं पत्र तुलाही आलं असेल. मी ते बालवाडीत, मधल्या सुट्टीत वाचलं. एका मुलाने मला गाय म्हणून टेबलाचं चित्र दाखवलं, तर त्यालाही मी छान म्हणायला विसरले.

आता आडपडदा न ठेवता लिहिते. दादाची एकही बरणी मी आजवर तोंडाला लावलेली नाही. पहिली बरणी आली तेव्हा आमच्या ह्यांनी ती उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि विम्याचे कागद कुठे ठेवलेत ते विचारलं. त्याच संध्याकाळी मी मागच्या अंगणात गुलाबाखाली खोल खड्डा केला. तेव्हापासून दर वर्षी तिथेच. गुलाब बरा आहे. यंदाची बरणी अजून फडताळात आहे, ह्यांना रविवारी वेळ झाला की पुरू.

पण दादाला कोणत्या तोंडाने सांगायचं? दुकान विकल्यावर तो खिडकीत बसून नुसता रस्त्याकडे बघत असायचा, आठवतं ना? या अळंब्यांनी त्याला घराबाहेर काढलं. म्हणून मी चार ओळी गोड लिहिल्या. त्याने त्या चौकटीत लावल्या. मग दर वर्षी आधीपेक्षा गोड लिहावं लागलं. आता आपल्याच स्तुतीच्या जोरावर तो लेकीच्या सासरच्यांना ते वाढणार आहे. अळंब्या ओळखायचा दोन दिवसांचा वर्ग केलेला माणूस, नाना. आणि त्या मुलीने इतकी स्थळं नाकारून हे एक पसंत केलं आहे.

तू निदान खात तरी होतास का? होतास तर मला धीर येईल. नसशील तर काहीतरी युक्ती सुचव, तू सरकारी माणूस आहेस.

माया आहेच, ती या वेळी जरा लवकर टपालात टाकावी.

तुझी,
धाकटी

*

ता. १३ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझ्या पत्रातील मजकूर वाचला व गांभीर्य ध्यानी घेतले. (कचेरीची भाषा सुटत नाही, चालवून घे.)

मीही खात नव्हतो. मात्र मी तुझ्यासारखी नासधूस केली नाही. मला दुसऱ्या वर्षापासून बरण्या येऊ लागल्या, त्या मी आमच्या साहेबांना भेट म्हणून देत आलो. साहेबांना बाजारात न मिळणाऱ्या वस्तूंची भारी हौस. ते दर वेळी संपूर्ण कुटुंबासह खातात आणि मला बोलावून कौतुक करतात. यात माझा काही वाईट हेतू नव्हता. पहिल्या वर्षी बढती अडली होती तेव्हा मनात काही येऊन गेलं असेल, पण ते कागदावर नाही.

साहेब ठणठणीत आहेत. यावरून दादाचं ज्ञान सिद्ध होतं की साहेबांची प्रकृती, हे मला ठरवता येत नाही. त्यांच्या जिवावर न्यायाधीशांना जेवू घालणं मला धोक्याचं वाटतं.

खरं सांगण्यात दादाचा अपमान आहे आणि आपलीही शोभा आहे. त्यापेक्षा आपण आजारी पडू. दोघांनीही यंदाची बरणी खाल्ली आणि पोट बिघडलं, असं कळवू. बेताने आजारी पड. दादाने बेत रद्द करावा इतपत, पण गाडी पकडून भेटायला यावं इतपत नाही. सोबत मी लक्षणांचा मसुदा जोडला आहे. तो आपल्या शब्दांत लिही, जसाच्या तसा उतरवू नकोस.

जिव्हाळा कायम ठेवावा, हे पत्र मात्र फाडून टाकावं.

तुझा,
नाना

*

ता. १७ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू ते कळत नाही. तुझी बरणी परवा रात्री मोठ्या हौसेने रांधली. चव नेहमीसारखीच स्वर्गीय होती. पण शेवटचा घास संपतो न संपतो तोच पोटात डाव्या बाजूला कळ उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तळपाय थंड पडले. हे रात्रभर उशाशी बसून होते. पहाटे आराम वाटला. आज भाताची पेज घेतली आणि हे चार शब्द लिहायला उठले.

तुला मुळीच दोष देत नाही. तुझी नजर पक्की आहे. पण चुकून एखादी इकडची तिकडे झाली असेल. त्या रविवारी पाहुण्यांना दुसरं काहीतरी साधं करावं असं मला आपलं वाटतं. वहिनीच्या हातचं काहीही चालेल.

काळजी करू नये आणि भेटायला येऊ नये, लोभ मात्र असू द्यावा.

तुझी,
धाकटी

*

ता. २१ सप्टेंबर

चि. नाना आणि चि. धाकटी यांस,
अ. आ.

तुमची दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली. दोघांनाही कळ डाव्याच बाजूला उठली आणि दोघांचेही तळपायच थंड पडले, हे वाचून भावंडांचं रक्त एक असतं याची खात्री पटली.

आता जरा शिकवतो. खरी जीवघेणी अळंबी घाई करत नाही. ती चवीला चांगली लागते, रात्री शांत झोपू देते, दुसऱ्या दिवशी पोट ढवळून काढते, मग बरं वाटल्याचं नाटक करते आणि तोवर आतून यकृत खलास करते. घास संपायच्या आत उठणारी कळ अळंबीची नसते, ती पत्र लिहिताना उठते.

दुसरं असं, की यंदाच्या बरण्या मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतल्या. मागच्या वर्षीच्याही. त्याआधीच्याही. तुम्हा दोघांची प्रकृती कळल्यावर मी वाण्याकडे चौकशीला गेलो होतो. तो म्हणाला की रोज खातो, आणि त्याचं पोट बघून ते पटलं.

फक्त पहिली बरणी माझी होती. धाकटीकडे गेली ती. नुकता वर्ग केला होता आणि अंगात वारं शिरलं होतं. एका मोठ्या झाडाखाली शुभ्र, देखण्या अळंब्या दिसल्या. चाकूने छान कापल्या, वाळवल्या, भरल्या, पाठवल्या. पुढच्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या बाईंना मोठ्या ऐटीत तीच जागा दाखवायला नेलं. त्यांनी माझं कापलेलं एक बूड मातीतून उकरून काढलं. त्याला पांढरी पिशवी होती. बाईंनी विचारलं, या कुणी खाल्ल्या का.

घरापर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही. फोन करायचा होता. दारात धाकटीचं पत्र पडलं होतं. सोमवारी बरणी आली, त्याच रात्री एका बैठकीत संपली, आणि पत्रावर तारीख शुक्रवारची. मी ते बुटांसकट तिथेच बसून पुन्हा पुन्हा वाचलं. ती बरणी खाल्लेला माणूस शुक्रवारी पत्र लिहीत नाही, धाकटे. त्याच्यासाठी इतर लोक लिहितात. म्हणजे तू खोटं बोलत होतीस. ठार खोटं. मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नाही. तुझी वहिनी धावत आली तर मी रडत होतो आणि हसतही होतो.

म्हणून ते पत्र चौकटीत आहे. माझ्या कौतुकासाठी नाही लावलेलं.

त्यानंतर मी उचललेली एकही अळंबी माणसाच्या पोटात जाऊ दिली नाही, माझ्याही. रोज जातो, बघतो, भुकटीचे ठसे घेतो, आणि रिकामी टोपली घेऊन परततो. शिकलो तितकी शंका वाढली. पण पुढच्या हंगामात धाकटीने बरणी कधी येणार म्हणून विचारलं, आणि मलाही तुमची पत्रं हवी होती. मग वाणी होताच. नानाच्या साहेबांनाही माझा नमस्कार सांगा. ते गेल्या वर्षी बाजारात मला भेटले होते, चष्म्याचे माझे जुने गिऱ्हाईक; नानाने दिलेल्या बरण्यांचं कौतुक करत होते.

रविवारी या. अळंब्या वाण्याच्याच आहेत. न्यायाधीशांना काय सांगायचं ते तुमच्यावर सोडतो.

लोभ भरपूर आहे, यापुढे थोडा खरा असावा ही विनंती.

तुमचा,
दादा

*

ता. २५ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बुधवारी आलं, ते वाचून मागच्या अंगणात गेले आणि गुलाबापाशी बराच वेळ उभी राहिले. मग आत येऊन फडताळातली बरणी काढली. ह्यांच्याकडून झाकण उघडवलं, रांधली आणि आम्ही दोघांनी सगळी खाल्ली.

दादा, अगदी बेचव आहे. ओला पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. आज शुक्रवार आहे आणि मी हे स्वतःच्या हाताने लिहिते आहे.

हेही चौकटीत लाव, त्या पत्राच्या शेजारी.

तुझी,
धाकटी