पिंपळगावच्या लग्नाची हार्ड डिस्क

आई, गेल्या तीन आठवड्यांपासून मला माझ्याच खुर्चीत बसायची शिसारी येते. सकाळी स्टुडिओचं शटर वर करतो, झाडून घेतो आणि आत बसायच्या ऐवजी बाहेरच्या बाकावर येऊन बसतो. समोरून जीपवाले भोकरदनच्या पॅसेंजरांना हाका मारत जातात, ओळखीचे लोक हात करतात, मी पण हात करतो. तुझं काम मी हातात घेतलं त्याला बारा वर्षं झाली. त्याचं मी काय करून ठेवलं ते आज तुला सांगतो. तू नाहीस म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

आपला पहिला कॉम्प्युटर स्वयंपाकघरात होता, कारण घरात वायरिंग धड असलेली तेवढी एकच भिंत होती. बाबा लग्नं शूट करून आणायचे आणि ती कापायची, जोडायची, त्यावर नावं घालायची ती तू. छत्तिसाव्या वर्षी एसटीनं जालन्याला जाऊन क्लास केलास. तिथली पोरं तुला काकू म्हणायची आणि महिन्याभरात तुलाच अडचणी विचारायला लागली. भाकरी थापून झाल्या की हात धुऊन, पदराला कोरडे करून तू बसतेस, की-बोर्डवरचं प्लास्टिक काढतेस, आणि मी मागे ताट घेऊन बसलेला असतो. पडद्यावर कुणाची तरी वरात, चुलीवर पिठलं. दोन्ही गोष्टींवर तुझं बराबर लक्ष.

विसाव्या वर्षी मी जालन्याहून एक सीडी आणली, स्केचपेननं वर नाव लिहिलेली. तू ओरिजनल विंडोज घेतलं होतंस, डबा आणि चिकटवलेला नंबर असलेलं, आणि त्यासाठी तुझे झुमके गेले होते. मला ते वेड वाटायचं. मी सीडी दाखवली तेव्हा तू कणीक मळत होतीस.

"काय हाय हे?"

"नवीन विंडोज, आन् त्याच्यातच एडिटिंगचं सगळं येतंय. सगळे हेच वापरून राह्यले, आई."

"ह्याच्यात आणखी काय काय भरलंय ते तुला माहीत हाय का?"

"न्हाई."

"मंग लोकाचं लग्न त्याच्यात कामून टाकायचं? दुसऱ्यांदा लावणारेत का ते आपल्यासाठी?"

आवाज चढवला नाहीस. सीडीला दोरा बांधून ती परसातल्या शेवग्याला टांगलीस, चिमण्या हाकायला. मला इतका राग आला की मी जेवलो नाही.

तू गेलीस, त्याच वर्षी तुझं मशीन बंद पडलं. मी जालन्यातल्या एका दुकानदाराकडून नवीन जुळवून घेतलं. "सगळं टाकून दिलंय," तो म्हणाला. विंडोज, एडिटिंग, फुलं उडतात ती टायटलं, हंस, दिव्यांच्या माळा, सगळं फुकट, सगळं चोरलेलं. मी विचारलंसुद्धा नाही. बारा वर्षं कुणाचं काही बिघडलं नाही, त्यामुळे तू भित्री होतीस असंच मी धरून चाललो. लोकांना तसं सांगायचोही. हसून सांगायचो.

अडीच महिन्यांपूर्वी पिंपळगाव रेणुकाईला एका लग्नाचं शूटिंग केलं. मुलीला जाड भिंगाचा चष्मा. फोटोत बरं दिसत नाही म्हणून कुणीतरी तो काढून ठेवायला लावला, आणि पाठवणीच्या वेळी तो मांडवातच राहिला. गाडी निघाली तसा तिचा बाप चष्मा घेऊन मागे पळत आला. गाडी थांबली. त्यानं खिडकीतून हात घालून तो तिच्या नाकावर नीट बसवला, एक दांडी कानामागे, मग दुसरी, आणि म्हणाला, "आता दिसून राह्यला का तुझा बाप?" रडत होते ते सगळे हसले. मी कॅमेरा हलू दिला नाही. खूप वर्षांनी हातून काहीतरी चांगलं झालंय असं वाटलं. दीड महिन्यानं तो माणूस शेतात पाणी धरता धरता छातीत कळ येऊन गेला.

त्याच आठवड्यात माझं एडिटिंगचं सॉफ्टवेअर चालेना. दुकानदारानं फोनवर एक नवीन फाईल पाठवली. "अँटिव्हायरस बंद करा, मंग टाका. तो उगाच बोंबलतो." मी बंद केला. जेवून आलो तर प्रत्येक फाईलच्या नावाला एक घाण शेपूट लागलेलं, एकही उघडेना, आणि पडद्यावर इंग्रजीत खंडणीची चिठ्ठी. एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर होती, पण ती डिस्क मशीनलाच लावून ठेवलेली, आळसानं. तीही गेली. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसून झाली होती. फाईली सोडवायला औरंगाबादपर्यंत फिरलो. काही निघालं नाही.

मुलगी नवऱ्यासोबत आली. "पूर्ण कॅसेट नसली झाली तरी राहू द्या दादा. ते चष्म्याचं तेवढं द्या."

मी म्हणालो, "ताई, हार्ड डिस्कच खराब निघाली. आपल्या हातात काय न्हाई ना."

 तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. मग म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही तरी काय करणार." आणि जाताना तिनं माझ्या पोरीची चौकशी केली. आई, तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री जेवू शकलो असतो.

मग मशीनवर नव्यानं काय टाकायचं हा प्रश्न. ते घेऊन दुकानदाराकडे गेलो तर तो तोंडातली पुडी गालात सरकवून हसला. "फॉर्मॅट मारा, परत टाकून देतो. पाच मिनिटाचं काम." बोटाला थुंकी लावून त्यानं माझ्या स्क्रीनवरचा डाग पुसला. बसस्टँडजवळचा दुसरा शूटिंगवाला म्हणाला, "मॅक घ्या. व्हायरसचा टंटाच न्हाई, आन् गिऱ्हाईकावर वजन पडतंय." चकचकीत मशीन त्यानं लोकांकडे तोंड करून ठेवलेलं. आत एडिटिंगचं सॉफ्टवेअर कुठून आणलं विचारलं, तर डोळा मारला. म्हणजे घाण तीच, भांडं तेवढं भारी. माझ्याच धंद्याचा मला असा उबग कधी आला नव्हता. कुणाच्या तरी आयुष्यातला एकच दिवस आपण हातात घेतो, आणि तो कशात ठेवतो ते कुणी बघत नाही.

शेवटी कागद घेऊन बसलो. ओरिजनल विंडोज घ्यावं तर माझा हात लगेच जुन्या सवयीनं चोरीच्या हंसांकडे जाईल, ही माझी मला खात्री. मॅक माझ्या ऐपतीबाहेरचं. मग विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं. ते रीतसर फुकट आहे, आणि त्यावर चालणारं एडिटिंगचं एक सॉफ्टवेअरही रीतसर मिळालं. चार दिवस डोकं धरून बसलो. कॅमेऱ्याची फाईल ते सरळ घेत नाही, प्रत्येक फाईल आधी बदलून घ्यावी लागते. मराठी जोडाक्षरं मोडतात, म्हणून नावं वेगळी चित्रासारखी बनवून चिकटवतो. फुलं नाहीत, माळा नाहीत. परवा एक नवरदेव म्हणाला, "एवढं साधं कामून केलं?" पण आत काय आहे ते मला माहीत आहे. दुसरी डिस्क आता कॉपी झाली की काढून कपाटात ठेवतो.

त्यानं मन साफ झालं नाही. गेल्या सोमवारी मोटारसायकल काढून मुलीच्या सासरी गेलो. ती ओट्यावर सोयाबीन निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. डिस्क खराब नव्हती, चोरीचं सॉफ्टवेअर मी स्वतः टाकलं, कॉपीही मीच लावून ठेवली होती. तिनं सुपातले हात थांबवले.

"म्हंजे त्या दिवशी तुम्हाला सगळं माहीत होतं."

"हो."

"मी तुम्हाला म्हणलं होतं, तुम्ही तरी काय करणार. ते वापस घेते मी."

"बराबर आहे, ताई."

"आता जा तुम्ही."

मी गेलो. पाणीसुद्धा विचारलं नाही तिनं, आणि ते मला पटलं. रस्त्यात एका बाभळीखाली गाडी लावून ओकलो.

हे पत्र कुठं टाकायचा प्रश्नच नाही. पण ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलेलं नाही. त्या डिस्कवर तुझीपण चार मिनिटं होती. नवीन कॅमेरा आणला तेव्हा मी गंमत म्हणून घेतलेली, तू कणकेचा हात लेन्ससमोर धरून "बंद कर ते" म्हणतेस तेवढीच. तुझा आवाज आमच्याकडे आणखी कुठंच नाही. फाईली गेल्या तेव्हा मी आधी तेच फोल्डर उघडलं. पिंपळगावचं लग्न मला संध्याकाळी आठवलं. त्या दिवशी मी रडलो. बायकोला, शेजारच्यांना सांगितलं की त्या मुलीच्या बापासाठी रडलो. त्याच्यासाठी नव्हतो रडलो.