कुवेतहून आलेले चोवीस दिव्यांचे पुष्पचक्र

वटार, बुधवार, दि. ३ नोव्हेंबर २००४, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. (चपलांच्या तळाला चिकटलेले मेण सुरीने खरवडत बसलो होतो. एक चप्पल झाली, दुसरी तशीच ठेवून हे पत्र लिहायला घेतले.)

ती. मटिल्डामावशी यांना ॲन्सेल्मचा ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? हॉस्पिटलात उभे राहून तो पुन्हा सुजत असेल, तर आईने सांगितल्याप्रमाणे मिठाच्या पाण्याने शेकावा. आईचे ब्लडप्रेशर ठीक आहे (कालचा दिवस सोडून, त्याविषयी पुढे लिहितो). मावशी, दहावीच्या दोन्ही वेळच्या शिकवणीचे पैसे तुम्ही भरलेत, हे मी रोज आठवतो. गणित दोन्ही वेळा राहिले, पण त्या शिकवणीत माझे शुद्धलेखन सुधारले, आणि पुढे जे काही झाले ते त्या शुद्धलेखनामुळे झाले, म्हणजे एका अर्थी तुमच्यामुळेच. (हे तक्रार म्हणून लिहिलेले नाही.)

आपल्या चर्चला जूनपासून नवे फादर आले आहेत. तरुण आहेत, सायकलवर फिरतात, आणि त्यांना झाडांचे फार वेड. गेल्या वर्षी मृतांच्या दिवसानंतर कबरींवरची सगळी प्लास्टिकची फुले भिंतीमागे जाळली होती, तेव्हा धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले खोकत घरी आली. जी जळली नाहीत ती पावसात वाहून गटाराच्या तोंडाशी अडकली आणि जुलैत दफनभूमीत गुडघाभर पाणी साचले. फादरांना हे कळल्यावर त्यांनी मिस्सामध्ये प्रवचन दिले, की देवाने पहिल्या माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत करायला आणि ती राखायला. बाग त्याच्या नावावर करून दिली नव्हती. त्यावर मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "फादर, आमची बाग बिल्डरने घेतली, आता राखायला कबरीच उरल्या." लोक हसले. फादर म्हणाले, "ठीक आहे, मग कबरींपासूनच सुरुवात करू." अशा रीतीने पर्यावरण समिती झाली. पाच जणांपैकी चौघांना लिहायचा कंटाळा, म्हणून सेक्रेटरी मी. दफनभूमीत प्लास्टिकची फुले, पिशव्या व थर्मोकोल आणण्यास सक्त मनाई आहे, अशा सहा पाट्या मी स्वतः रंगवल्या. मृतांच्या दिवशी गेटवर नोंदवही घेऊन बसायचे आणि लोकांची प्लास्टिकची फुले जमा करून घ्यायची, हेही कामाबरोबर आले.

आणि शनिवारी देवेशचा फोन आला. (तुमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमधला, तो सुट्टीवर आला आहे.) मी एव्हरशाईन सिटीत त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला, चॉकलेट दिले आणि मग पलंगाखालून खोके काढले. मावशी, मी खोटे लिहीत नाही, इतके सुंदर पुष्पचक्र मी पाहिलेले नाही. जांभळी फुले, मधे पांढरी, पाकळ्यांवर दव पडल्यासारखे थेंब, आणि आत लाल-हिरवे चोवीस दिवे (मोजले). वर तुमची चिठ्ठी. "ॲन्सेल्म, हे युजीनकाकांच्या कबरीवर बायकोकडून म्हणून ठेव. खरी फुले दुसऱ्या दिवशी माना टाकतात आणि मग येणारे-जाणारे म्हणतात, ह्या माणसाचे मागे कोणी नाही. हे वर्षभर राहील." बसमध्ये मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. खोके मांडीवर होते, आणि शेजारचा माणूस मला विचारत होता की केक कुठून आणला.

तीन दिवस मी जेवणात मीठ आहे की नाही हेसुद्धा सांगू शकलो नाही. फादरांना सांगावे तर ते नाही म्हणणार, तुम्हाला कळवावे तर तुम्ही रडणार. शेवटी मार्ग सापडला. काल, मृतांच्या दिवशी, सकाळीच भागूबाईची अख्खी टोपली घेतली (ती दफनभूमीच्या गेटबाहेर फुले विकते, बंदीमुळे धंदा वाढल्याने फादरांवर खूश आहे), आणि पुष्पचक्रावर खरी शेवंती आणि अबोली इतकी दाट बांधली, की जांभळा रंग कुठे दिसेना. दिव्यांचे बटण बंद करून वर चिकटपट्टी लावली. सात वाजता ते काकांच्या कबरीवर ठेवले. गेटवर तपासणारा मीच होतो, त्यामुळे मला कोणी अडवले नाही.

पण मावशी, त्यानंतरचा दिवस फार वाईट गेला. शेजारच्या म्हाताऱ्या मेरीबाय प्लास्टिकचे गुलाब घेऊन आल्या. मी नियम वाचून दाखवला. त्यांनी गुलाब माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "तुझ्या मावशीनं फुलं आणली असती, तर तिचीपन घेतली असतीस काय रे?" मी हो म्हणालो. आणि वहीत त्यांचे गुलाब लिहून घेतले. दर तासाला मी काकांच्या कबरीकडे जाऊन फुलांवर पाणी शिंपडत होतो, कारण उन्हाने शेवंती मलूल व्हायला लागली होती आणि ती खाली झुकली की जांभळे डोके वर काढत होते. भागूबाई गेटवरून बघत होती. चौथ्या फेरीला म्हणाली, "बाकीच्या मेल्यांनी तुझं काय घोडं मारलंय? त्यांनापन पानी घाल की." मग जवळ येऊन वाकून बघितले. "वरची मरायला टेकली, खालची कशी गं बाय ताठ?" मी तिच्यापुढे हात जोडले. ती वळून गेली, पण जाताना हसण्याने तिचे खांदे हलत होते.

साडेचारला फादर कबरींना आशीर्वाद द्यायला आले. पवित्र पाण्याचे नेहमीचे पितळी शिंपडणे त्यांनी घरी ठेवले होते. त्याऐवजी हातात आंब्याची डहाळी. (निसर्गाच्या जवळ जावे म्हणून.) पितळी शिंपडण्यातून चार थेंब पडतात, डहाळीतून तांब्याभर पाणी पडते, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो. काकांच्या कबरीपाशी फादरांनी प्रार्थना म्हटली, डहाळी बुडवली आणि झटकली. सगळे डोळे मिटून शांत उभे होते. मी एकच डोळा मिटला होता. पवित्र पाणी बटणात गेले आणि शेवंतीच्या आतून चोवीस दिवे एकदम लागले. लाल. मग हिरवे. मग लाल.

मेरीबायंनी डोळे उघडले, छातीवर क्रूस केला आणि दफनभूमीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असे ओरडल्या, "युजीन उठला गो बाय!" आई मटकन खाली बसली (ब्लडप्रेशर ते हेच). लोक आपापल्या कबरी सोडून, हातात मेणबत्त्या घेऊन धावत आले. फादरांनी वाकून फुले बाजूला केली, जांभळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ॲन्सेल्म, नोंदवही आण."

मी आणली. अनुक्रमांक एकेचाळीसवर स्वतःचे नाव लिहिले. "पुष्पचक्र, प्लास्टिक, एक" असे लिहून मी विचारले, "फादर, दिव्यांची नोंद वेगळी करू का?" तिथे ते हसले. मग गंभीर होऊन विचारले, कोणाचे. मी खिशातली तुमची चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. मावशी, मला क्षमा करा, त्यांनी ती मोठ्याने वाचली.

वाचून झाल्यावर कोणी हसले नाही. मेरीबाय प्रथम बोलल्या, आणि चिडून. "कोनी नाय म्हंजे? माझ्या विहिरीची मोटार तीनदा त्यानं दुरुस्त केली, एक पैसा घेतला नाय!" मग एकेकाला आठवत गेले. दर मे महिन्यात गटार उपसायला कोण उतरायचे, लग्नातल्या मंडपात दिवे गेले की कोणाला बोलवायचे. दिव्यांचे नाव निघाल्यावर एक जण म्हणाला, मग आजही त्यानेच लावले, आणि सगळे हसले. मावशी, काल संध्याकाळी काकांच्या कबरीभोवती जितकी माणसे होती तितकी कोणाच्याच नव्हती. लोकांनी आपल्या फुलांतले एकेक काढून तिथे ठेवले. तुम्ही पुष्पचक्र पाठवले नसते तर हे झाले नसते, म्हणून मी तुमचे आणि देवाचे आभार मानतो. कोणाचे आधी, हे मला ठरवता आले नाही.

भागूबाई म्हणाली, "वर्षभर फुलं पायजेत ना? मग सदाफुली लाव, गाढवा." आणि आज सकाळी तिने आपल्या अंगणातली सात रोपे मुळांसकट आणून दिली. पैसे घेतले नाहीत. फादरांनी परवानगी दिली आणि रोपे जगवण्याचे काम मला प्रायश्चित्त म्हणून दिले. लावून झाली आहेत. दोन पांढरी, पाच गुलाबी.

तुमचा आज्ञाधारक,
ॲन्सेल्म

ता. क. पुष्पचक्र जाळलेले नाही. आईने ते घरात पवित्र मरियेच्या तसबिरीभोवती लावले आहे. तिचे म्हणणे, मनाई दफनभूमीत आहे, घरात नाही. फादर तिची तब्येत विचारायला आले होते. दिवे चालू होते. त्यांनी चहा घेतला आणि शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून बसले.

दुसरा ता. क. मावशी, खरे म्हणजे एक मागणे आहे, आणि ते लिहायला मला लाज वाटते. विहीर दफनभूमीच्या पश्चिम कोपऱ्यात आहे आणि बादल्यांनी पाणी नेऊन माझा खांदा आजच भरून आला आहे. देवेश सुट्टी संपवून परत गेल्यावर पुढच्या वेळी इकडे येईल तेव्हा त्याच्याबरोबर तिकडचा चांगला, जाड, न तडकणारा प्लास्टिकचा पाइप पाठवाल का? फादरांना विचारले आहे. ते म्हणाले, नोंदवहीत लिही आणि आण. विहिरीपासून काकांच्या कबरीपर्यंत मी टेपने मोजले, बासष्ट फूट भरते. पण जमल्यास शंभर फूट पाठवा. काकांच्या पुढे त्याच रांगेत आणखी अकरा कबरी आहेत, आणि त्यांची माणसेही तुमच्यासारखीच बाहेर आहेत.