खुराड्याचं दार कोण उघडतं

सोलापूर, गुरुवार संध्याकाळ

तीर्थस्वरूप कुंडलिकमामांस,

अभिमन्यूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (मी आधी 'डिअर मामा' लिहिलं होतं. आईने ते खोडायला लावलं आणि वरचं सांगितलं.) तुमची कंबर कशी आहे? मामींचा गुडघा? बैलांना ऊन बाधत नाही ना? आमच्याकडे सगळे बरे आहेत. मी मात्र हादरलेलो आहे, काल दुपारपासून, आणि अजून नीट जेवलेलो नाही.

मामा, येत्या रविवारी तुम्ही देवळापुढं चार माणसं बसवून शेजारच्या बसलिंगप्पाकाकांना तुमच्या हरवलेल्या तीन कोंबड्यांचा जाब विचारणार आहात, असं कळलं. कृपा करून त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा. फोनच केला असता, पण फोन कानाला लावला की तुम्ही माझं ऐकायच्या आधी बोलायला लागता, आणि हे एकदा मधे तुटलं तर परत सांगायची माझ्यात हिंमत नाही. म्हणून लिहितोय. (मराठीत एवढं मोठं मी दहावीनंतर पहिल्यांदाच लिहितोय, चुका पोटात घाला.) उद्या सकाळी तुमच्या गावचा मल्हारदादा कामावरनं परत मंद्रूपला जाताना पत्र घेऊन जाईल. त्याला रातपाळी आहे.

तर सुरुवात ग्रीनहाऊसपासून करावी लागेल. पहिल्या पगारातनं मी ते किट मागवलं. कारखान्यात परदेशातल्या पार्ट्यांचे ईमेल मीच बघतो, आणि टॉवेलचा रंग कळवता कळवता एका बाईंनी त्यांच्या परसातल्या ग्रीनहाऊसचा फोटो पाठवला. आत लेट्यूस, स्ट्रॉबेरी, आणि बाई स्वेटर घालून उभ्या. मी फोटोतली स्ट्रॉबेरी बघितली, स्वेटर बघितला नाही. घरी खोकी आली तेव्हा पप्पांनी एवढंच विचारलं की सोलापुरात ऊन कमी पडतंय म्हणून मागवलंय का. मी म्हणालो की यात सगळं कंट्रोलमध्ये राहतं. हे वाक्य ते आता रोज चहाच्या वेळी मला परत ऐकवतात.

मॅन्युअल बेचाळीस पानांचं, सगळं इंग्लिशमध्ये, म्हणून घरात ते वाचायचा मान माझा. दोन माणसं, तीन तास, असं पहिल्या पानावर लिहिलेलं. आम्हाला अकरा दिवस लागले, आणि दुसरं माणूस म्हणजे पप्पा, खुर्चीवर. मी एकेक पान वाचून त्याचा अर्थ त्यांना सांगायचो. छतावर साठलेला बर्फ वेळच्या वेळी झाडून टाकावा, हे मी वाचलं आणि मलाच कसंतरी झालं. पप्पा उठले, बाजारात गेले आणि नवा खराटा आणून ग्रीनहाऊसच्या जागेशेजारी उभा करून ठेवला. बर्फ पडल्यावर ऐनवेळी शोधाशोध नको म्हणाले. तो खराटा अजून तिथंच आहे. धाकटी पिंकी येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवते.

अकराव्या दिवशी तुम्ही ज्वारीचं पोतं घेऊन आलात, ते तुम्हाला आठवत असेलच. त्या दिवशी मी प्लास्टिकच्या सगळ्या काचा आतनं बसवत गेलो, दाराच्या जागेवरसुद्धा, आणि शेवटची बसवल्यावर लक्षात आलं की दार बाहेरनं बसवायचं असतं, आणि मी आत आहे. (पप्पा म्हणाले, पोरगं नावाला जागलं. ही गोष्ट त्यांनी ऑफिसातही सांगितली.) तुम्ही आलात, पाच मिनिटं बाहेरनं माझ्याकडे नुसतं बघितलंत आणि विचारलंत, "आरं, काचंचं न्हाणीघर भर अंगणात कशाला बांधलंयस?" मग तुम्हीच एक काच काढून मला बाहेर घेतलंत. ते उपकार मी विसरलेलो नाही. उपकार फेडायला गेलो, आणि तिथंच सगळं बिघडलं.

कारण सगळं जोडून झाल्यावर एक पिशवी उरली होती. आत एक चकचकीत नळी, दोन पट्ट्या, चार स्क्रू. मॅन्युअलमध्ये तिच्या पानावर 'ऑटोमॅटिक' असं ठळक लिहिलेलं. मामा, मी पहिलीपासून इंग्लिश मीडियमला. मी विचार केला, ऑटोमॅटिक म्हणजे आपल्याला काही करायचं नाही. छताची खिडकी आपली आपण उघडेल. म्हणून ते पान सोडून दिलं, खिडकी वाऱ्यानं वाजू नये म्हणून तारेनं घट्ट बांधली, आणि नळी एक्स्ट्रा आहे असं ठरवून तुम्हाला देऊन टाकली. ऑफिसच्या दाराला असतो तसला पंप आहे, खुराड्याला बसवतो म्हणजे दार आपटायचं नाही, असं म्हणून तुम्ही किती खुशीत ती घेऊन गेलात.

त्यानंतर महिनाभर माझ्या ग्रीनहाऊसमध्ये जे झालं ते लिहवत नाही. लेट्यूसची चोवीस रोपं मी सकाळी हिरवी ठेवून कामाला गेलो आणि संध्याकाळी आलो तर पालेभाजी शिजली होती, फक्त फोडणी राहिली होती. स्ट्रॉबेरीचं तर देठ कुठलं आणि माती कुठली तेच कळेना. थर्मामीटर एकसष्टावर गेला आणि मग फुटला. या सगळ्यात आई मात्र खूश. तिने एकदा सहज भाकऱ्या आत वाळत घातल्या तर एका दुपारात अशा कडक झाल्या की आता गल्लीतल्या चार घरच्या भाकऱ्या माझ्या शेल्फांवर असतात, आणि मला आत जायचं तर चप्पल काढून जावं लागतं.

तरी मी हार मानली नाही. काल सुट्टी होती, म्हणून मॅन्युअल पहिल्यापासून वाचायला घेतलं. शेजारी आई मामींशी फोनवर बोलत होती, स्पीकर चालू. मामी सांगत होत्या, की सकाळी खुराड्याचं दार बंद करून आम्ही दोघं रानात जातो. घरी यावं तर दार सताड उघडं. कडी तर पंप बसवल्यापासून काढूनच टाकलेली. एक दिवस हे स्वतः घरी राहिले राखणीला. सकाळभर काही नाही. ऊन चढल्यावर पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात दार उघडलेलं. बसलिंगप्पाच भिंतीवरनं हात घालतो, दुसरं कोण, असं हे म्हणतात. पहाटे बघावं तर दार आपोआप परत लागलेलं असतं, हे मात्र मामींना पटत नव्हतं. चोर कशाला दार लावायला येईल?

मामा, त्या क्षणी माझ्यासमोर पान एकतीस उघडं होतं. त्यावर तुमच्या पंपाचं चित्र होतं. खाली लिहिलेलं की नळीत मेण असतं, उष्णतेनं ते फुगतं, नळी दांडा बाहेर ढकलते आणि खिडकी उघडते. गार झालं की परत बंद. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. माझ्या हातातलं मॅन्युअल खाली पडलं. आईला वाटलं मला ऊन लागलं. तिने कांदा आणला.

म्हणजे खुराड्याचा पत्रा तापला की दार उघडत होतं, मामा. माझ्या नळीनं. आणि तुम्ही आळ घेतलात कुणावर, तर ज्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही त्या बसलिंगप्पाकाकांवर. चाळीस वर्षांचा तुमचा शेजार, लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून मी विहिरीवर जायचो, आणि आज दोन आठवडे तुम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघत नाही, ते मी एक पान वाचलं नाही म्हणून. चूक सगळी माझी. रविवारी चार माणसांसमोर हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवलंत तरी चालेल. (बर्फाचा आणि आत अडकल्याचा भाग गाळा.)

मामींना नमस्कार. बैलांना सांभाळा.

तुमचा लाडका (असलो तर) भाचा,
अभिमन्यू

ता. क. काकांची माफी मागून झाली की पान्यानं ती नळी जपून काढा आणि मल्हारदादाकडे परत द्या. खिडकी उघडली तर लेट्यूस अजूनही येईल असं मला वाटतं. हे पत्र मी फक्त त्यासाठी लिहिलं असं कृपया समजू नका.

ता. क. २. पत्र आईने वाचलं. खिडकी उघडली तर भाकऱ्या मऊ पडतील, तेव्हा नळी मंद्रूपलाच राहू दे, असा तिचा निरोप आहे. 

ता. क. ३. शुक्रवार सकाळ. मल्हारदादा दारात बाईक चालू ठेवून उभा आहे, म्हणून घाईत. आईला राहवलं नाही. तिने आत्ता सावित्रम्मामावशींना, म्हणजे बसलिंगप्पाकाकांच्या घरी, फोन लावला. शाळेपासूनची मैत्रीण म्हणून. मामा, तुम्ही बसून वाचा. तुमच्या तिन्ही कोंबड्या त्यांच्या कडब्याच्या गंजीत आहेत. भिंतीवरनं आपल्या आपण गेल्या. एक खुडूक बसली होती, आणि परवा नऊ पिल्लं निघाली. मावशी आईला म्हणाल्या, "परत आणून दिल्या तर चोरीचा माल दिला म्हणतील, न्हाय दिल्या तर चोर हाईच. तूच सांग गं, मी काय करू?" आणि अंड्याचा वाससुद्धा न चालणारे काका दोन दिवस रानात गेलेले नाहीत. छत्री घेऊन गंजीपाशी बसलेत, कावळे हाकायला. ज्वारीची कणी स्वतः भरडून घालतात.

म्हणजे माझ्या ग्रीनहाऊसमधनं एक पान निघालं नाही, पण त्याच्या एका नळीनं नऊ पिल्लं काढली. काकांचा निरोप एवढाच आहे की कोंबड्या न्यायला कुंडलिकनं स्वतः यावं, आणि रविवारच्या आधी यावं. तेव्हा मामा, आजच जा. त्यांच्या दाराला नळी नाही, तिथं हाक मारावी लागेल.