मागच्या खोलीतला आकडा

४ मार्च
आजही हे ऑपरेशनला नाही म्हणाले! "एवढा आकडा संपू दे, मग खुशाल कापा छाती."

मागच्या खोलीत मशीन घरघरतंय. कोट्यवधी दोन एकमेकांना गुणायचे, त्यातून एक वजा करायचा, आणि येते ती मूळ संख्या आहे का ते तपासायचं. लिहून काढली तर घरात मावणार नाही. डॉक्टरीणबाई सांगताहेत, यांच्या हृदयाची झडप तोवर टिकणार नाही.

मैदानं गाजवली मी. दगड आले तरी माईक सोडला नाही. आणि घरातला एक निवृत्त गणिताचा मास्तर हलत नाही!

७ मार्च
आज तयारीनिशी भांडले. म्हटलं, "तो आकडा तुमच्या जन्माआधीपासून मूळ आहे किंवा नाही. तुम्ही पहारा दिल्याने बदलणार आहे का?"

"वा! टाळ्या! मग झडपेचंही तेच. तू ओरडून काय बदलणार?"

सभेत असं कुणी बोललं असतं तर सोडलं नसतं त्याला. घरात भाजी चिरायला घेतली.

९ मार्च
दमले. उद्याची सभा रद्द केली.

११ मार्च
यांनी मला मशीनसमोर बसवून शिकवलं. एका पायरीचं उत्तर हाती आल्याशिवाय पुढची पायरी नाही. मधली गाळता येत नाही. नेहमीच्या भागाकाराच्या उलट, या चाचणीत शेवटी बाकी शून्य उरली तर मूळ, नाहीतर नाही.

"नसली, तर कशाने भाग जातो ते कळतं?"

"नाही. जातो, एवढंच."

हा कुठला न्याय! गुन्हा शाबीत आणि गुन्हेगार बेपत्ता! हे हसले. हसता हसता धाप लागली. पाणी दिलं. कितीतरी वेळ छाती भात्यासारखी चालली होती.

१५ मार्च
निकाल आला. बाकी शून्य नाही.

वाटलं, सुटले एकदाची! पिशवी भरायला घेतली. हे खुर्चीतच. "ने कुठे न्यायचं ते." दवाखान्यात कागदांवर सह्या केल्या, न वाचता. हा माणूस वाण्याचं बिलही दोनदा बेरीज करून घेतो! — भांडा की हो माझ्याशी. नाही भांडले.

बाहेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतके शांत पेशंट मला आवडत नाहीत."

१६ मार्च
एकटीच घरी आले आणि मशीन सुरू केलं. प्रोग्राम त्यांचाच, आकडा माझा. खूप मोठा घेतला, लवकर न संपणारा. परवापर्यंत मीच त्या मशीनची वायर उपटायला टपले होते!

१७ मार्च
हे स्ट्रेचरवर असताना सांगितलं, नवा आकडा लावलाय.

"किती दोन घेतलेस?"

"वीस कोटी."

डोळे खाडकन उघडले. "वीस कोटी? सम? अगं, मग त्याला सरळ तिनाने भाग जातो! वर्षभर फुकट राबेल ते!"

ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं. आत नेत होते तरी ओरडणं चालूच — "तू हात लावू नकोस! मी येऊन नीट लावतो!"