सूनबाईचा रस्सा

पिंप्राळा, जळगाव
४ डिसेंबर १९९१

प्रिय अभिमन,

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुझे नाना दोन महिने अंथरुणाला खिळलेत. त्यांना उठवणं-बसवणं एकटीनं करताना माझे खांदे भरून येतात; हातात पेन धरलं की झोपच येते. पण दुखण्यापेक्षा त्यांच्या न खाण्यानं मी टेकीला आले. खिचडी नको, वरण नको, चहात बुडवलेलं बिस्किटसुद्धा नको. ताट तसंच परत येतं, आणि मग मलाही जेवावंसं वाटत नाही.

परवा मात्र स्वतःहून म्हणाले, त्या पोरीनं सांगून पाठवलेला मासा कर. मी बघतच राहिले. तू तिकडे फ्रान्सात मार्सेयला परस्पर लग्न केलंस आणि नुसता फोटो पाठवलास, तेव्हापासून तीन वर्षं त्यांनी तुझं नाव घेतलं नाही. विहारात सगळ्यांना तोंडी आमंत्रण देऊन बसले होते रे ते, अभिमनच्या लग्नाला अख्खी वस्ती जेवेल म्हणून. तुझी पत्रं मी बाजरीच्या डब्यात लपवते. मी नळावर गेले की हे ती काढून वाचतात, हे मला परवा कळलं.

मग काय, लागले कामाला. तुझ्या बायकोनं सांगितलेत समुद्राचे चार प्रकारचे मासे. इथे समुद्राचा मासा बर्फातून येईपर्यंत त्याचे डोळे माझ्यासारखे खोल गेलेले असतात. म्हणून तापीचा मासा घेतला आणि समुद्राच्या नावानं मूठभर सुकट भिजत घातली. ऑलिव्हचं तेल मेडिकलमध्ये मिळालं, बाळाच्या मालिशसाठी ठेवतात ती बोटभर बाटली. दुकानदार पितांबरनं हसून विचारलं, नातू की नात? मी म्हटलं, मासा. कितीतरी दिवसांनी मीही हसले.

कांदा, टोमॅटो, लसूण, बडीशेप, संत्र्याची साल, सगळं तिच्या शब्दाबरहुकूम घातलं. केशराच्या चार काड्या शेजारच्या भागाबाईनं दिल्या. तिखट-मसाला अजिबात घालायचा नाही, हे तू खाली दोन रेघा ओढून लिहिलं होतंस. पण तीस वर्षांची सवय, रश्श्याला उकळी आली की हात आपोआप डब्याकडे जातो. चमचाभर काळा मसाला पडला, आणि मग लक्षात आलं. पुन्हा पहिल्यापासून करायचं त्राण नव्हतं. स्टोव्हपाशी बसून रडले. मग डोळे पुसले आणि तोच रस्सा वाटीत वाढला, सोबत लसूण चोळलेला पाव.

नानांनी एक घोट घेतला. हाई काय शे, म्हणाले. मी पाव पुढे सरकवला. वाटी संपली. आखो शे का, म्हणाले. दुसरी अर्धी वाटी संपवून तोंड पुसलं आणि म्हणाले, सूनबाईना हातले चव शे. सूनबाई म्हणाले, अभिमन! इतकी वर्षं माझा मसाला खाल्ला, एका शब्दानं बरं म्हटलं नाही, आणि शाबासकी मिळाली तिला. मला हेवा वाटला आणि भरूनही आलं. खरं काय ते मी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

हे सगळं रश्श्यासाठी लिहीत नाहीये. गेल्या सोमवारी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, आता पथ्यपाणी राहू द्या, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. याचा अर्थ तुला कळतो. आज सकाळी नानांनी विचारलं, ती दोघं कधी येणार? माझ्या तोंडून निघून गेलं, तिकिटं काढलीत. तेव्हापासून ते दाराकडे तोंड करून पडून आहेत. मला खोटं पडू देऊ नकोस, बाळा.

तुमची दोघांची वाट बघणारी,
तुझीच आई